डावीकडं मारणारी बंदूक

सुरुवातीलाच माफी मागतो. ज्यांच्या घरात पुस्तकं असतात त्यांनी लिहावं, असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरात छापलेल्या वस्तू म्हणजे पंचांग, माझी शाळेची पुस्तकं आणि फुग्यांची पाकिटं. कॉम्प्युटरवर लिहायचा तर माझा अधिकार त्याहून कमी. माउसला मी पहिल्यांदा हात लावला तो अठराव्या वर्षी, आणि तेव्हाही सरांना सांगावं लागलं, "उचलू नको, सरकव." तरी लिहायला बसलोय. त्याच्या पुढच्या वर्षी मी एक छोटासा नेमबाजीचा खेळ बनवला. मोठी गोष्ट नाही. पण त्यासाठी इंजिन निवडताना मी जी चूक केली ती मी तरी करायला नको होती, आणि ती सुधारली कशी हे कुठं तरी लिहून ठेवावं असं सारखं वाटत राहतं. जाणत्या लोकांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही धारूरचे. आमच्या भावकीत बहुतेकांची किराण्याची नाहीतर कापडाची दुकानं आहेत. वडिलांचं दुकान तेवढं फिरतं. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. आप्पा जत्रांमध्ये आणि आठवडी बाजारात फुगे फोडायचं दुकान लावतात. एक मोठी लाकडी फळी, मागं काळं कापड, फळीवर रांगेनं फुगे, आणि पुढं आडव्या बाकड्यावर छर्ऱ्याच्या तीन बंदुका. सकाळी इष्टलिंगाची पूजा आणि कपाळाला भस्म झाल्याशिवाय ते बंदुकीला हात लावत नाहीत. मग एकदा हात लागला की दिवस मावळेपर्यंत त्यांचं तोंड बंद नसतं.

छर्ऱ्याची बंदूक लोकांच्या हातात फिरून फिरून वाकडी होते. सगळ्याच दुकानांत होते. नळी थोडी कलते, नाहीतर टोकावरचा नेम धरायचा दाणा सरकतो. बाकीचे दुकानदार हे सांगत नाहीत. आप्पा गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकतात.

"बघा पाव्हणं, ही डावीकडं मारती. ही खाली मारती. आन ही सरळ हाय, पर लई जड हाय. तुमच्यानं पेलत आसंल तर घ्या."

आणि मग लोक काय करतात? जडच उचलतात. लांब नळीची, जाड दस्त्याची, पितळी पट्टी मारलेली ती बंदूक पाहिली की गड्याचा हात तिकडंच जातो. हात थरथरतो, छर्रा कापडात जातो, सोबतचे हसतात. मी लहानपणापासून हजार वेळा पाहिलं असेल. आप्पा दर वेळी माझ्याकडं बघून डोळे बारीक करायचे. आमची ती ठरलेली खूण होती: बघ, ह्यानंबी तीच उचलली.

बारावीनंतर मी बीडला कॉम्प्युटरच्या विषयाला प्रवेश घेतला. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. तो काळच तसा होता. गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले होते, आणि बीडमध्ये दर दोन गल्ल्यांआड कॉम्प्युटर क्लासची पाटी दिसायची. मी उमापूरच्या एका मुलाबरोबर खोली करून राहत होतो. तो माझ्याच वर्गात. त्याला कशाचीच भीती वाटत नसे, आणि मला सगळ्याचीच. त्यामुळं आमचं जमलं.

दुसऱ्या वर्षाला असताना तो एक दिवस बसस्टँडवरून धावतच आला. हातात एक इंग्रजी कॉम्प्युटर मासिक, आणि मासिकाला चिकटवलेली सीडी.

"बे, हे वाच," तो दम लागलेल्या आवाजात म्हणाला. "वाचकांनी स्वतः केलेले खेळ मागवलेत. निवडलेले खेळ पुढं एका सीडीवर टाकणारेत."

आम्ही शब्दकोश घेऊन ते पान दोनदा वाचलं. अटी दोनच होत्या. खेळ एका फ्लॉपीत मावला पाहिजे, आणि साध्या कॉम्प्युटरवर चालला पाहिजे. पाठवायला दोन-तीन महिन्यांची मुदत होती. त्याच अंकात नवशिक्यांसाठी एक लेख होता. त्यात लिहिलं होतं की सगळं स्वतः लिहायची गरज नाही, खेळाचं इंजिन वापरा. इंजिन म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पडद्यावर चित्र उमटवणं, माउस कुठं आहे ते ओळखणं, आवाज काढणं, एक वस्तू दुसरीला लागली की नाही ते तपासणं, ही कामं प्रत्येक खेळात असतात. ती आधीच करून ठेवलेला संच म्हणजे इंजिन. आपण फक्त आपला खेळ सांगायचा. सीडीवर अशी तीन इंजिनं दिली होती.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला. कोणता खेळ करायचा याचा विचारच करावा लागला नाही. फळी, फुगे, बंदूक.

दिवाळीच्या सुट्टीत मी आप्पांबरोबर बालाघाटच्या अंगावरच्या एका गावाच्या जत्रेला गेलतो. दुकान मांडता मांडता मी त्यांना सगळं सांगितलं. इंजिन समजावताना म्हणालो, "आप्पा, समजा फळी, कापड, बाकडं आयतं मिळालं. आपण फक्त फुगे लावायचे."

आप्पा फुगा फुगवत होते. त्यांनी तो तोंडातून काढला.

"मंग आपलं दुकान त्याच्यात दिसंल का?"

"दिसंल की."

"आपलंच? तिन्ही बंदुकासगट?"

"तिन्ही बंदुकासगट. सीडीवर आलं की सगळ्या देशात दिसंल."

मी माणूस तसा बुजरा. 'बघू', 'जमलं तर' असं म्हटल्याशिवाय माझं वाक्य पुरं होत नाही. त्या दिवशी मात्र मी 'दिसंल' असं म्हणून बसलो. आप्पांनी फुग्याला गाठ मारली आणि समोर आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं, "घ्या पाव्हणं, मारा. ह्ये दुकान आता कॉम्प्युटरवर येणार हाय. सगळ्या हिंदुस्तानात."

संध्याकाळपर्यंत त्यांनी ते जत्रेतल्या निम्म्या माणसांना सांगितलं होतं. पुढच्या जत्रेतही. आणि धारूरच्या बाजारात तर रोजच्या ओळखीच्या माणसांना. आप्पांनी आजवर गिऱ्हाइकाला सांगितलेली गोष्ट खोटी निघाली नव्हती. डावीकडं मारते म्हटलं तर ती डावीकडंच मारायची. आता त्यांनी माझ्या शब्दावर एक गोष्ट सांगून ठेवली होती.

बीडला परतलो आणि तीन इंजिनांतून एक निवडायला बसलो. आता लिहिताना लाज वाटते, पण मी ती निवड पाच मिनिटांत केली.

पहिलं इंजिन फार मोठं होतं. सीडीचा अर्ध्याहून जास्त भाग त्यानंच व्यापला होता. त्याचा नमुना सुरू केला तर पडद्यावर दगडी भुयार, भिंतीवर जळत्या मशाली, आणि आपल्या हातात चकाकणारी लांब नळीची बंदूक. मान वळवली की भुयार वळायचं. दुसरं इंजिन चित्रं उचलून ठेवायचं होतं, एक ओळही लिहावी लागत नव्हती. तिसरं अगदीच बारकं. सी भाषेत लिहायचं, आणि नमुना काय, तर काळ्या पडद्यावर इकडून तिकडं जाणारा एक पांढरा चेंडू.

"हे बघ, हे!" मी पहिल्याकडं बोट दाखवून ओरडलो. लॅबमधले सगळे वळून बघायला लागले.

लॅबचे सर चांगले होते. दुपारी दोन ते चार पहिल्या वर्षाची बॅच नसायची. त्या वेळात कोपऱ्यातला कॉम्प्युटर त्यांनी मला दिला. "मोडू नको म्हणजे झालं," एवढंच म्हणाले.

पाच आठवडे मी त्या भुयारात होतो. इंजिन उघडायलाच इतका वेळ लागायचा की मित्र खाली जाऊन चहा पिऊन यायचा आणि विचारायचा, "उठलं का तुझं?" मान वळवली की चित्र थांबत थांबत, धक्के खात वळायचं. पण मी खूष होतो! फुग्याला गोलाई होती, त्यावर उजेडाचा ठिपका होता. काळ्या कापडाला चुण्या पडलेल्या दिसायच्या. एक फुगा नीट गोल दिसला त्या दिवशी मी खोलीवर जाताना वाटेत स्वतःशीच हसत होतो. फुगा फुटायचा मात्र अजून बाकी होता. बंदूकही सुटत नव्हती. ते काय, शेवटी करू, असं मी म्हणत होतो.

मित्रानं एकदा विचारलं, "बे, हे फ्लॉपीत मावतंय का बघितलं का?"

"चार फुग्यांना किती जागा लागणार?" मी म्हणालो.

मुदत संपायला अडीच आठवडे राहिले तेव्हा मी खेळ बांधून बघितला. सगळ्या फायली दाबून, आवळून, तुकडे करून फ्लॉप्यांवर उतरवायला लागलो. एक भरली. दुसरी भरली. मित्र एकेक फ्लॉपी हातात देत मोठ्यानं मोजत होता. सातव्या फ्लॉपीला तो मोजायचा थांबला. अकरा लागल्या. शेजारच्या कॉम्प्युटरवर त्या अकरा फ्लॉप्या उतरवून खेळ लावला तर पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

सर मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या वेळी एकच दिसत होतं. आप्पा कुठल्या तरी जत्रेत, त्या घडीला, कुणाला तरी सांगत असतील, आमचं दुकान येणार हाय.

शनिवारी मी तेलगावमार्गे धारूर गाठलं. बाजार भरला होता. आप्पांच्या दुकानापुढं तिघं-चौघं उभे होते. त्यांतला एक चांगला तगडा गडी, मनगटात कडं घातलेला, बंदुका बघत होता. आप्पांनी त्याला नेहमीप्रमाणं तिन्ही सांगितल्या. त्यानं जड उचलली. पहिला छर्रा कापडात. दुसरा कापडात. तिसरा फळीच्या लाकडात.

"कावून रं, लागंना?" सोबतचा म्हणाला. "म्हशीवर नेम धर, ती तरी मोठी आसती."

"बंदूकच खराब हाय," गडी म्हणाला.

"बंदूक सरळ हाय मालक," आप्पा म्हणाले. "तुमचा हात दमलाय."

सगळे हसले. आप्पांनी माझ्याकडं बघून डोळे बारीक केले. मला मात्र ती खूण परत करता आली नाही. मी कोण होतो? मी ह्याच बाकड्यामागं वाढलेला, आणि तीन बंदुका पुढं आल्यावर मीही जडच उचलली होती.

गिऱ्हाइकं गेल्यावर मी आप्पांना सगळं सांगितलं. अकरा फ्लॉप्या, काळा पडदा, सगळं. त्यांना फ्लॉपी ठाऊक नव्हती, पण गोष्ट कळली.

"जड उचलली व्हय तू?"

"हो."

"तूबी?" आणि ते हसायला लागले. रागावतील असं वाटलं होतं, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग भस्म पुसलं जाऊ नये म्हणून कपाळ वाचवत उपरण्यानं डोळे टिपले आणि म्हणाले, "मी नवी बंदूक आणल्यावर पैलं काय करतो?"

मला ठाऊक होतं, पण त्याचा ह्याच्याशी काही संबंध आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नवी बंदूक आली की आप्पा सगळी फळी भरत नाहीत. घरामागं एकच फुगा लावतात आणि त्यावर दहा छर्रे मारतात. फुगा फुटला तर दुसरा लावतात. छर्रे कुठं कुठं गेले ते बोटानं चाचपून बघतात. मग ठरवतात, ही कशी मारते, आणि दुकानात ठेवायची का नाही.

"तू तर एकबी छर्रा न्हाई मारला आन दुकान मांडून बसला," ते म्हणाले. "राहिल्यात ना आजून दोन? मंग एकच फुगा लाव. धा छर्रे मार. कुठं मारत्यात ते बघ. कापडाच्या चुण्या मागनं बघता येतील."

मी दुसऱ्याच दिवशी पहिली एसटी धरली. बसमध्ये उभ्यानं आलो, पण पाय दुखल्याचं आठवत नाही. एकच फुगा. दहा छर्रे. हे मी वाटभर मनात घोकत होतो.

सोमवारी दुपारी दुसरं इंजिन लावलं. अर्ध्या तासात फुगा पडद्यावर! लाल, गोल, आणि क्लिक केलं की फुटतो! मित्रानं बाकावर थाप मारली. मी म्हणालो, "थांब. धा मारू दे." दहा मारले. फुगा स्थिर असताना सगळे लागले. हलवला, तर क्लिक केल्यावर छर्रा जरा उशिरानं सुटायचा, तेवढ्यात फुगा पुढं गेलेला. शिवाय खेळ सुरू करताना दर वेळी पडदाभर एक पाटी यायची की हे इंजिन विकत घ्या, आणि ठरावीक दिवसांनी ते आपोआप बंद पडणार होतं. आप्पांच्या दुकानावर दुसऱ्याची पाटी! ते बाजूला ठेवलं. पण एका दुपारीत कळलं होतं. पहिल्याला मी पाच आठवडे दिले होते.

मंगळवारी तिसरं. त्या दिवशी काहीच झालं नाही, काळा पडदा नुसता बघत बसलो. बुधवारी चारला पाच मिनिटं कमी असताना एक फुगा उमटला. गोलाई नाही, उजेडाचा ठिपका नाही. नुसती लाल टिकली. गुरुवारी नेम धरायला एक पांढरी फुली काढली. ती माउसबरोबर फिरायला लागली. क्लिक केलं. फुगा त्याच क्षणी फुटला! उशीर नाही, धक्का नाही. आणि सगळं मिळून फ्लॉपीच्या कोपऱ्यात मावत होतं. मित्र खुर्चीवर उभा राहिला. सरांनी लांबूनच "ए, उतर" असं म्हटलं, पण तेही बघायला आले.

"धा मार," मित्र म्हणाला. आता त्यालाही सवय झाली होती.

दहा मारले. तीन लागले. फुली फुग्याच्या मधोमध धरली की छर्रा चुकायचा. मी पुन्हा दहा मारले, आणि प्रत्येक छर्रा कुठं पडतो तिथं एक ठिपका उमटेल असं केलं. बोटानं चाचपतात तसं. सगळे ठिपके फुलीच्या डावीकडं, जरासे वर.

मी लिहिलेल्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. दिवस गेला. शुक्रवारी कारण सापडलं. हे इंजिन कोणतंही चित्र त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून काढतं. माझ्या फुलीचा तो कोपरा माउसच्या जागेवर होता, आणि फुलीचा मध्य त्याच्या उजवीकडं खाली. छर्रा मात्र माउसच्या जागीच जात होता. फुली तिच्या अर्ध्या मापानं डावीकडं आणि वर सरकवली की काम होणार होतं. एका ओळीचं काम. मी ती ओळ लिहायला हात टाकला आणि थांबलो.

"बे," मी मित्राला म्हणालो, "ही डावीकडं मारती."

"हां, तेच तर नीट करायचंय."

"आरं, ही डावीकडं मारती! ही आप्पांची बंदूक हाय!"

मला हसू आवरत नव्हतं. मी एक बंदूक तशीच ठेवली. दुसरीची फुली अशी सरकवली की छर्रा खाली पडावा. तिसरीची बरोबर मध्यावर आणली, पण तिला जड केलं, म्हणजे माउस सरकवला की फुली मागून हळूहळू येते आणि थांबल्यावरही जराशी हेलकावते. नळीला पितळेच्या रंगाची पट्टी काढली. आमचं दुकान झालं, तिन्ही बंदुकांसगट.

यावरून आमचं मोठं भांडणही झालं. मित्र म्हणायचा, "तिकडं बसलेल्या माणसाला काय कळणार? तो म्हणंल, पोराला साधा नेम जुळवता आला न्हाई. पैल्याच छर्ऱ्याला फेकून देईल फ्लॉपी."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मला रात्रंदिवस तीच धास्ती होती. सगळ्या बंदुका सरळ केल्या असत्या तर निवड व्हायची शक्यता जास्त, असं मलाही वाटायचं. पण सरळ करून बघितलं तेव्हा खेळ दोन मिनिटांत संपला. फुगा दिसतो, फुटतो, पुढं काय? डावीकडं मारणारी उचलली की फुग्याच्या उजवीकडं किती धरायचं हे हात हळूहळू शिकायचा. आणि शिकल्यावर जो फुगा फुटायचा त्याची मजा वेगळी होती. ती मजा मी बाकड्यामागून किती तरी चेहऱ्यांवर पाहिली होती.

शेवटी मी एक केलं. आप्पा जे करतात तेच. खेळ सुरू होण्याआधी सांगून टाकलं. लॅबमध्ये मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून मी ती माउसनं चित्रासारखी काढली: 'बघा पाव्हणं, ही डावीकडं मारती.' खाली तेच इंग्रजीत. ते इंग्रजी आम्ही शब्दकोश घेऊन केलं आणि सरांना दाखवलं. सरांनी एक चूक काढली आणि म्हणाले, "बाकी राहू दे. तुझ्या वडिलांचं आहे."

शेवटच्या दिवसाच्या आधी चार दिवस फ्लॉपी तयार झाली. फुग्यांच्या पाकिटाचे दोन पुठ्ठे घेतले, मध्ये फ्लॉपी ठेवली, दोरा गुंडाळला आणि रजिस्टर पोस्टानं पाठवली. पोस्टातून बाहेर आल्यावर मी आणि मित्र स्टेडियमपर्यंत धावत गेलो. कावून धावलो, ते आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर वाट बघणं. पुढचा अंक आला, त्यात काही नाही. त्यापुढचा आला, काही नाही. पत्रही नाही. परीक्षा झाली. उन्हाळ्याची सुट्टी लागली, मित्र उमापूरला गेला, मी धारूरला. जत्रांचे दिवस होते. मी आप्पांबरोबर गावोगाव फिरत होतो, आणि गिऱ्हाइकं विचारत होती.

"काय आप्पा, आलं का दुकान कॉम्प्युटरवर?"

"यील, यील."

"का पोरानं फुगा फुगवला नुसता?"

आप्पा हसायचे. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. पण हळूहळू त्यांनी स्वतःहून ते सांगणं सोडून दिलं. बंदुका सांगायचे, डावीकडं, खाली, जड, आणि तिथंच थांबायचे. पूर्वी त्यापुढं येणारं वाक्य येत नव्हतं. ती एवढीशी शांतता मला चारचौघांत थप्पड बसल्यासारखी वाटायची. मनात यायचं, फुली सरळ करायला हवी होती. एकच ओळ होती.

त्या उन्हाळ्यातली आमची शेवटची जत्रा चकलांब्याकडच्या एका गावात होती. इतक्या लांब आम्ही सहसा जात नाही, पण आप्पांना तिथल्या देवस्थानचं बोलावणं होतं. दुपार उतरली होती, गर्दी चांगली होती. दर वर्षी येणारा एक पानवाला बाकड्याला टेकून उभा होता आणि पुन्हा तेच विचारत होता.

"आप्पा, खरं सांगा बरं, कुठं हाय तुमचं दुकान?"

आप्पा काही बोलणार तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी माझ्या नावानं ओरडलं. बघतो तर मित्र. आम्ही ह्या जत्रेला येणार हे मी त्याला पत्रानं कळवलं होतं. उमापुरावरनं सायकल हाणत आलेला, घामानं सदरा अंगाला चिकटलेला, आणि सायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत काहीतरी रुमालात गुंडाळलेलं. त्यानं सायकल उभीसुद्धा केली नाही, तशीच टाकली. पिशवी छातीशी धरून तो बाकड्यापर्यंत आला. तो धापा टाकत होता. आप्पांनी त्याला तांब्या दिला. तो घटाघट प्यायला, अर्धं पाणी छातीवर सांडलं.

"काय झालं रं?" मी विचारलं.

त्यानं रुमाल सोडला. आत मासिक आणि सीडी.

"आलंय बे!" तो ओरडला. "आलंय! वाचकांच्या खेळांत, सातवं! गेवराईला मासिक घेतलं आन तिथल्या क्लासात लावूनच बघितलं. मराठी पाटी तशीच ठेवलीय त्यांनी. आन अंकात खाली दोन ओळी लिहिल्यात, बंदूक वाकडी हाय ती मुद्दाम हाय, आधी पाटी वाचा म्हणून!"

पानवाला बाकड्यावरचा हात काढून सरळ उभा राहिला. आप्पा सीडीकडं बघत होते, हात मात्र लावत नव्हते. मग त्यांनी मित्राला हळूच विचारलं, "मंग तिथं कुणी मारलं का?"

"मारलं म्हंजे?" मित्र म्हणाला. "क्लासातल्या पोरांनी रांग लावली, आप्पा. सात जण होते. सगळ्यांनी पाटी वाचली. आन सगळ्यांनी जडच उचलली."